उलट्या पिळाचा दोर

पार्सलवाल्याने खोकं फाटकावरूनच आत दिलं. "वहिनी, वर 'नाजूक' लिहिलंय. आपटू नका," एवढं बजावून तो गेला. मिरानने ते ओसरीवर ठेवून उघडलं. आत अंडी उबवायचं यंत्र होतं. पिवळं प्लास्टिकचं बूड, वर पारदर्शक झाकण, पोटात पाणी घालायला दोन पन्हळी आणि पुढे उष्णतेचा आकडा दाखवणारी बोटाएवढी खिडकी. शहरातल्या फ्लॅटांत पोरांच्या हौसेखातर लोक असली यंत्रं ठेवतात. पण जिरी डोंगराच्या पायथ्याच्या या गावात, जिथे हाक मारली तर खुडूक कोंबडी मिळेल, तिथे हे यंत्र मागवणं म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतलं पाणी विकत घेणं. शेजारची कांगजिनवाली आजी हे बोलून दाखवल्याशिवाय राहणार नव्हती, आणि तिने दाखवलंच.

मिरानला कोंबड्यांची हौस नव्हती. तिला तिच्या मुलीचा जीव कशात तरी गुंतवायचा होता.

बोदम सहा वर्षांची. थंडी सरता सरता तिची आजी, म्हणजे मिरानची सासू बुनरे, गेली. मिरान आणि तिचा नवरा सांगचोल नोकऱ्यांपायी शहरात असताना पोर आजीपाशीच वाढली होती. म्हातारीने अंथरूण धरल्यावर मिरान नोकरी सोडून गावी आली. पोर तिला आई म्हणायची, पण झोपायची वेळ झाली की उशी काखेत मारून आजीच्या खोलीकडे चालू लागायची. मिरानला ते फार लागायचं. सासूचं तिने सगळं केलं. गुडघ्यांना, कमरेला त्या झोंबऱ्या वासाच्या औषधी पट्ट्या रोज चिकटवल्या, रोज काढल्या. पण लेक आपली आणि तिचा जीव मात्र सासूत, हे काही तिला गिळता आलं नाही. म्हातारी गेली तेव्हा मिरान खरोखर रडली, आणि रडता रडताच तिच्या मनात आलं, आता तरी पोर माझी होईल.

झालं उलटंच. बोदमने बोलणं सोडलं. शाळेची बस फाटकाशी येऊन, हॉर्न वाजवून निघून जायची. भाताच्या वाटीत ती चमचा फिरवत बसायची आणि वाटी होती तशी परत यायची. मनगटं काडीसारखी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध देण्यासारखं काही नाही, तिला काहीतरी जिवंत सांभाळायला द्या. सांगचोल कोजे बेटावर जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा आणि शनिवार-रविवार घरी यायचा. त्यानेच फोनवर हे यंत्र मागवलं होतं.

अंडी कांगजिनवाल्या आजीच्या खुराड्यातून आली.

"एक रात्र टोक खाली करून ठेव," आजी म्हणाली. "अंड्यालाही टेकायला वेळ लागतो. आणि धुऊ नकोस. शहरातल्या बायका धुतात."

"माहितेय मला, आजी."

"सगळं माहिती होतं तर डबा कशाला आणलास?"

दुसऱ्या दिवशी आकडा साडेसदतीसवर स्थिर झाल्यावर मिरानने बोदमच्या हातांनी एकेक अंडं आत ठेववलं. झाकण लावलं. पोर थोडा वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "दोर?"

मिरानच्या हातातली पाण्याची बाटली सांडली. कित्येक दिवसांत तिने पोरीचा आवाज ऐकला नव्हता.

"कसला दोर, बाळा?"

"आजी बांधायची. कोंबडी बसली की."

घरात मूल जन्मलं की फाटकावर भाताच्या काडाचा दोर बांधायची तिथली जुनी रीत. नेहमीचा पीळ उजवीकडे, हा डावीकडे. मध्ये मध्ये कोळसा आणि पाईनच्या डहाळ्या खोवायच्या. तीन सात, म्हणजे एकवीस दिवस, बाहेरच्याने दोर ओलांडायचा नाही. आता कोणी बांधत नाही. बुनरे मात्र गाय व्याली तरी बांधायची आणि कोंबडी अंड्यांवर बसली तरी बांधायची. पिल्लालाही तेवढेच दिवस लागतात, असं तिचं म्हणणं. गाव हसायचं. जित्याची खोड.

मिरानने फारसा विचार केला नाही. पोर बोलली होती. तिने चंद्र मागितला असता तरी मिरान शिडी शोधत निघाली असती. मागच्या पडवीतून काड काढून दोघींनी उलट्या पिळाचा वेडावाकडा दोर वळला आणि फाटकावर बांधला.

संध्याकाळी कांगजिनवाली आजी मुळ्याच्या किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याचा, डबा घेऊन आली ती फाटकाबाहेरच थबकली.

"हे काय केलंस गं?"

"बोदमची हौस. अंडी ठेवलीत ना."

"अगं, मयताच्या घराला कोणी दोर बांधतं का? थोरल्या ताईचा, तुझ्या सासूचा, एकोणपन्नासावा दिवस झालाय का? नाही ना? मग ती अजून घरातच आहे. न्यायला येतील ते दोराच्या आत यायचे नाहीत, आणि तीही दोर ओलांडून बाहेर जायची नाही."

"कोंबड्यांसाठी आहे, आजी. तेही यंत्रातल्या."

"दोराला काय कळतं त्यातलं?"

मिरानला हसू आलं, पण म्हातारी हसत नव्हती. "बरं, काढून टाकते मग."

"हात लावू नकोस!" आजीने डबा फाटकाच्या खांबावर ठेवला. "आत जीव घालून बसलीस तू. तीन सात भरायच्या आत काढलास तर घरातला लहान जीव जगत नाही."

"पिल्लंच ना?"

"दोराला काय कळतं," आजी पुन्हा म्हणाली आणि डोकं हलवत गेली.

इकडे आड तिकडे विहीर. मिरानने फोनवर नवऱ्याला हे रंगवून सांगितलं, दोघंही हसले, आणि दोर राहिला.

नवशिक्याला या कामात सगळ्यात जड जातं ते अंडी फिरवणं. कोंबडी बसल्या बसल्या चोचीने फिरवत असते. स्वस्तातल्या यंत्रात ते हाताने करावं लागतं, नाहीतर जीव कवचाला आतून चिकटतो. विसरायला नको म्हणून मिरानने प्रत्येक अंड्यावर एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला फुली काढली. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गोल वर करायला गेली तर गोल वरच होते. दुपारी गेली तर फुल्या वर. तिला वाटलं बोदमचंच काम, आणि तिला बरंच वाटलं.

"छान फिरवलीस हं."

बोदम भात खात होती. स्वतःच्या हाताने, माशाचा तुकडा मोडून घेऊन. "मी नाही," ती म्हणाली. "आजी फिरवते. तू जोरात फिरवतेस."

पोर जेवत होती. अर्धी वाटी रिकामी झाली होती. असल्या वेळी पोरीशी वाद घालणारी आई वेडी. तिने मासा अजून थोडा पुढे सरकवला.

आठवड्याने अंडी उजेडावर धरून बघायची असतात. त्याला अंधार लागतो, आणि भर दुपारी अंधार कुठून आणायचा, म्हणून दोघी जाड रजई डोक्यावरून घेऊन ओसरीवर बसल्या. मिरानने मोबाइलचा दिवा अंड्याच्या बुडाशी धरला. कवच आतून शेंदरी उजळलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, आणि मध्ये एक काळा ठिपका. तो हलला. बोदमने श्वास रोखला. मिरानच्याही अंगावर काटा आला, आनंदाचा. रजईखाली त्या दोघी, त्यांचे गुडघे एकमेकींना टेकलेले, अशी जवळीक आजवर कधी झालीच नव्हती.

मग तिला तो वास आला. कापूर आणि पुदिना एकत्र झोंबावा तसा, गुडघ्यांवरच्या पट्ट्यांचा.

रजई जुनी आहे, तिने स्वतःला सांगितलं. पुढचं अंडं घेतलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की बोदम समोर बसली आहे, तिचे दोन्ही गुडघे मिरानच्या गुडघ्यांना टेकले आहेत... आणि डाव्या मांडीलाही कोणाचा तरी गुडघा टेकला आहे. हाडाचा, मोठा. अंड्यातला ठिपका उजेडात डावीकडे वळला.

मिरानने रजई भिरकावली. ओसरीवर ऊन होतं. कोणी नव्हतं.

"अजून दोन राहिली होती," बोदम कुरकुरली.

हे ती सांगचोलशी बोलली नाही. काय बोलणार? पोर जेवते, बोलते, गालांवर रंग आला आहे, आणि मला तुझ्या आईचा वास येतो? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सासूबाईंची मेल्यावरही जात नव्हती, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मिरानला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. मेल्यावरसुद्धा पोर माझ्या हाती द्यायची नाही म्हणजे काय.

त्याच आठवड्यात वाऱ्याने पाईन तारांवर पडला आणि सगळ्या गावची वीज गेली. मिरान तेव्हा बाजारात होती. धावत घरी आली तोवर यंत्राची खिडकी काळी पडली होती. झाकण बाजूला काढलेलं आणि आत एकही अंडं नव्हतं. बोदम ओसरीवर चित्र काढत बसली होती.

"अंडी कुठेत?"

"आजीकडे."

सासूच्या खोलीची जमीन तापवायची नळी मयतानंतर बंद केलेली होती. मिरानने दार सरकवलं तेव्हा पायाला बर्फासारखी फरशी लागली. कपाटात घडी करून ठेवलेली गादी खोलीच्या मधोमध अंथरलेली होती. गादीत एक खळगा पडला होता. कुशीवर निजलेल्या मोठ्या माणसाने पाडावा तेवढा. खळग्यात, पोटाच्या जागी, सगळी अंडी. मिरानने हात लावला. ती गरम होती, काखेत धरल्यासारखी. वीज जाऊन कितीतरी वेळ झाला होता.

तिने एकही अंडं उचललं नाही. यंत्र बंद होतं. दुसरीकडे ऊब कुठे होती? ती मागे मागे सरत बाहेर आली आणि दार हळूच लावलं, आत कोणाची झोपमोड होऊ नये तसं. वीज आल्यावर बोदमनेच अंडी परत आणून ठेवली. सगळी जिवंत होती.

एकोणपन्नासाव्या दिवशी सांगचोल आला. देवळात पूजा झाली, आईचे कपडे जाळले, भिक्षू म्हणाले, आता त्या सुटल्या. घरी येताना सांगचोल डोकं वाकवून दोराखालून आत गेला आणि "हे अजून इथंच का?" म्हणून हसला. मिरान हसली नाही.

दिवेलागणीला बोदम फाटकाशी उभी दिसली. दोराच्या आत. समोरच्या रस्त्यावर धुकं उतरलं होतं आणि पोर मान वर करून त्या धुक्याशी बोलत होती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"तीन काका आहेत. आजीला न्यायला आलेत. दोर आहे म्हणून आत येत नाहीत."

रस्ता रिकामा होता. मिरानने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "मग... काय म्हणालीस तू त्यांना?"

"म्हटलं, आजीला नाही जायचं." बोदमने नाक पुसलं. "तर म्हणाले, रिकाम्या हातांनी जाता येत नाही. मग मी म्हटलं, पिल्लं निघू देत, मग बघू."

मिरानने तिला उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कांगजिनवाल्या आजीच्या दारात उभी होती. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, एकदाही टोमणा मारला नाही, आणि त्यानेच मिरान जास्त घाबरली.

"दोर काढशील तेव्हा पोरीला मांडीत घेऊन आत बस," आजी म्हणाली. "दोर जळून राख होईपर्यंत सोडू नकोस. काहीही झालं तरी. बाहेरचं मी आणि तुझा नवरा बघतो."

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही. आतून टकटक सुरू झाली की मदत करायची नाही. नवशिके तिथेच चुकतात, टरफल सोलायला जातात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. मिरानने हात मांडीखाली दाबून धरले. आणखी एक गोष्ट तिने ठरवूनच केली. पिल्लू डोळे उघडल्यावर समोर जे हलताना बघतं त्याला आई मानतं आणि जन्मभर त्याच्या मागे फिरतं, हे तिला माहीत होतं. तिने बोदमला यंत्रासमोर बसवलं आणि स्वतः तिच्या पाठीशी, भिंतीला टेकून बसली, मध्ये दुसऱ्या कोणाला जागाच उरू नये म्हणून.

पाच पिल्लं निघाली. ओली, लटपटती, मग सुकून कापसासारखी. पाचही बोदमकडे बघत होती.

पुढचे दोन दिवस त्या घराने बऱ्याच काळात पाहिले नव्हते असे गेले. बोदम न्हाणीघरात गेली तर पिल्लं न्हाणीघराच्या उंबऱ्यावर. ती धावली तर मागे पाचांची रांग चिवचिवत, घसरत, एकमेकांवर आपटत. ती हसत होती, पोट धरून. "आई, बघ ना! आई, हे छोटं बघ!" आणि रात्री ती उशी काखेत मारून निघाली ती थेट मिरानच्या अंथरुणात आली. मिरान जागीच राहिली, पोरीचे केस हुंगत. आपण जिंकलो, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली नाही.

शनिवारी सकाळी सांगचोलने दोर काढला. मिरान आतल्या खोलीत बोदमला मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांची मिठी घालून. पिल्लं पोरीच्या मोज्यांभोवती बिलगून झोपली होती. बाहेर काडाची चूड पेटल्याचा आवाज आला. धुराचा वास आला. मिरानने मिठी आवळली. बोदमचं हृदय तिच्या हाताखाली धडधडत होतं. मग ते एकदम संथ झालं.

पिल्लं उठली.

पाचही एकदम. त्यांनी मोजे सोडले, मान उंचावली, आणि बोदमच्या मागे धावताना चिवचिवायची तशीच आनंदाने चिवचिवत, एका रांगेत, ओसरीवरून टपटप उतरून, अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली.

"अरे... धर त्यांना!" मिरान ओरडली. सांगचोल आगीपाशी वाकला होता. त्याला काही दिसलंच नाही. मिरान उठायला गेली नाही. तिने पोरीला सोडलं नव्हतं, क्षणभरही नाही. बोदम तिच्या मांडीवर होती, जड, ऊबदार, तिची स्वतःची.

"जाऊ दे," बोदम म्हणाली. आणि तिचा छोटा हात मिरानच्या पाठीवर थोपटू लागला, सावकाश.

राख झाल्यावर मिरान पिल्लं शोधायला निघाली. शेतांत नुकतंच पाणी सोडलं होतं आणि बांधावरची वाट मऊ चिखलाची होती. ठसे लगेच सापडले. पिल्लांच्या त्रिशूळ पावलांची रांग डोंगराकडे, सासूच्या कबरीच्या दिशेने गेली होती. तिच्या पुढे, वाटेच्या मधोमध, लहान मुलाची अनवाणी पावलं होती. पाचही बोटं स्पष्ट उमटलेली. कुठे कुठे पिल्लांचे ठसे त्या पावलांच्या वरच पडले होते. गवत सुरू झालं तिथे सगळे ठसे संपले. परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

ती धावत घरी आली. बोदम ओसरीवर होती. पायांत मोजे होते, कोरडे. एक गुडघा उभा करून ती बसली होती आणि कोणीही न सांगता टोपलीतल्या मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत होती, भराभर. सांगचोल शेजारी बसून कौतुकाने बघत होता.

"पाय धुऊन घे," बोदम मान वर न करता मिरानला म्हणाली. "गार आहे चिखल."

मिरान अंगणातच उभी राहिली. हाक मारावी असं तिला वाटलं, पण कोणत्या दिशेला, ते तिला कळेना.

कांगजिनवाली आजी राख झाडून फाटकातून आत आली. बोदम उठली, किटलीतला जवाचा चहा पेल्यात ओतला आणि पेला पुढे केला. मोठ्यांना काही देताना दोन्ही हात पुढे करायचे, हे तिथल्या पोरांना धड चालता येण्याआधी शिकवतात. बोदमने एकच हात पुढे केला होता, थोरल्यांनी धाकट्यांना द्यावा तसा.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग ती ओसरीखाली चपला काढून, नीट जुळवून उभी राहिली, आणि मान खाली घालून तिने तो पेला दोन्ही हातांनी घेतला. उभ्यानेच चहा संपवला. रिकामा पेलाही दोन्ही हातांनीच परत केला. आणि त्यानंतर ती त्या घरात कधी आली नाही.